आधी सगळ्यांनी चालवून बघा

"आधी सगळ्यांनी चालवून बघा," असं आमचे शेजारी दुकानात शिरतानाच म्हणायचे. साधा राइस कुकर घ्यायचा असला तरी वहिनी आणि आठ वर्षांची लेक सोबत असायच्या. दोघींनी झाकण उघडून, बटण दाबून दाखवलं की मगच ते पाकीट काढत. घरातल्या एकालाही जी वस्तू चालवता येत नाही ती घरात आणायची नाही, हा त्यांचा नियम. सेल्समन रडकुंडीला यायचा.

सिंगापूरला चोआ चू कांग भागात आमच्या समोरचा फ्लॅट त्यांचा. मूळचे पुण्याचे, माझ्यासारखेच सॉफ्टवेअरमधले. असा एक चिकित्सक गृहस्थ तुमच्याही ब्लॉकमध्ये असेल. त्याला विचारल्याशिवाय कुणी मिक्सर घेत नाही, आणि विचारलं की महिनाभर मिक्सर मिळत नाही.

मग कंपनीने त्यांची टेक्सासला बदली केली. गावाबाहेर स्वतंत्र घर, आणि यांचे निम्मे दिवस दौऱ्यावर जाणार. वहिनींनी स्पष्ट सांगितलं, "इथे मी नुसती दाराची लोखंडी जाळी ओढून दुपारी झोपते. तिथे पोरीला घेऊन एकटी राहायचं तर घरात काहीतरी हवं. नाहीतर आम्ही दोघी पुण्याला जातो." तिकडच्या ऑफिसातल्या लोकांचा एकच सल्ला होता, पिस्तूल घ्या.

सिंगापूरमध्ये खेळण्यातली बंदूक मागवतानाही माणूस चारदा विचार करतो. इथे बसून हे गृहस्थ पिस्तूल निवडू लागले. व्हिडिओ बघायचे आणि चपलांच्या स्टँडपाशी उभं राहून मला सांगायचे, "पिस्तुलाचा वरचा भाग जोरात मागे खेचावा लागतो. हिचं मनगट एकदा मोडलेलं, हिला जमणार नाही. रिव्हॉल्व्हरला ती भानगड नाही." हातात घेऊन बघायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी वहिनींना साखरेची किलोची पिशवी हात लांब करून धरायला लावली.

"चोर येईपर्यंत माझा हात भरून येईल," वहिनी म्हणाल्या. मी हसलो. ते हसले नाहीत.

एका संध्याकाळी मात्र त्यांनी फोन खिशात ठेवला. म्हणाले, "नियम उलटा झालाय हो. हिला चालवता आलीच पाहिजे आणि पोरीला येताच कामा नये. अशी वस्तू मी कधी घेतलेली नाही."

म्हणून त्यांनी आधी नंबरचं कुलूप असलेली लोखंडी पेटी आणली. आत लेकीचा टॅब ठेवला आणि तिला म्हणाले, "उघडून दाखव." मी तिथेच होतो. दुसऱ्या प्रयत्नात पेटी उघडली.

"बाबा, यू ऑलवेज सेम नंबर लाह," ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली.

त्यांनी नंबर बदलला आणि फक्त वहिनींना सांगितला. ऐनवेळी चुकू नये म्हणून वहिनींनी रोज सराव केला. चार दिवसांनी लेकीने पेटी पुन्हा उघडली. आईची बोटं कुठे फिरतात ते तिने सोफ्यावरून पाहून ठेवलं होतं.

वहिनींनी टॅब काढून घेतला आणि पेटी बंद केली. "नको. चोरापेक्षा मला हिचीच धास्ती वाटेल." मला हायसं वाटलं. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता, कारण पुण्याचा प्रश्न तसाच होता.

जाड दार, अंगणातले दिवे, अलार्म, सगळं त्यांनी मन लावून निवडलं. वहिनींचा होकार काही येईना. मग एका रविवारी ते तिघं आमच्या दारात उभे राहिले.

"तिकडे रात्र असते तेव्हा तुमच्याकडे सकाळ. मी नसेन तेव्हा ही फोन लावेल. दारं लावून होईपर्यंत फोनवर राहाल का?"

"अहो, पण चोर आला तर मी इथून काय करणार?"

"काहीच नाही. पण हिला एकटीने घरभर फिरावं लागणार नाही. फोन हिला लावता येतो, पोरीलाही येतो. दोघींनी लावून बघितलाय."

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही असाल तर जाईन मी."

आता समोर नवे भाडेकरू आहेत. तिकडे टेक्सासला आमचे जुने शेजारी दौऱ्यावर असले की सकाळी आमचा फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो. लेक पुढे, वहिनी मागे. पुढचं दार, स्वयंपाकघराचं दार, गॅरेज. लेक प्रत्येक कडी ओढून दाखवते. "काका, लॉक्ड." मी "दिसलं" म्हणतो.

फोन बंद होतो न होतो तोच कुठल्याशा हॉटेलातून त्यांचा मेसेज येतो, "लागली का सगळी दारं?"

मी लिहितो, "लागली. झोपा."