चाखणाऱ्याच्या जबड्यातला खडा

त्या मंगळवारी भुरकेसाहेबांनी चहाचे नऊ लॉट खारट ठरवून नापास केले.

भुरके हे त्यांचं आडनाव नव्हे. चहाच्या कंपनीत सत्तावीस वर्षं ते चाखणारे म्हणून काम करत होते, आणि चमच्यातला चहा ओढताना होणारा त्यांचा भुरका जिन्यापर्यंत ऐकू यायचा, म्हणून हे नाव. रोज सकाळी लांब टेबलावर साठ-सत्तर पांढऱ्या वाट्या मांडलेल्या असत. प्रत्येकीत मोजून पत्ती, उकळतं पाणी, घड्याळ लावून सहा मिनिटं. मग साहेब एका टोकापासून निघत. चमचा, भुरका, पिकदाणीत चूळ, एक शब्द, पुढची वाटी. शेजारून चालणाऱ्या बाई तो शब्द लिहून घेत आणि मग स्वतः चाखत. बाई त्यांच्या हाताखाली तेरा वर्षं होत्या आणि त्यांचीही जीभ काही कमी नव्हती.

चहा खारट लागू शकतो. जहाजातून येताना समुद्राचं पाणी लागलं तर लागतो. साहेबांनी तसा शेरा मारला आणि गोदामात निरोप धाडला. गोदामवाल्याने नऊच्या नऊ लॉटची पोती उपसली. सगळी कोरडी ठणठणीत. शिवाय त्यातले चार लॉट जहाजात चढलेच नव्हते, ते ट्रकने आले होते.

बाईंना त्या चहात मीठ लागलं नव्हतं. पण चाखणाऱ्याला त्याची जीभ चुकली असं सांगणं म्हणजे ड्रायव्हरला गाडी चालवताना त्याचे डोळे गेलेत असं सांगण्यासारखं. त्या तोंडाने काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी धंद्यातलाच उपाय केला: एकाच किटलीतला चहा सहा वाट्यांत ओतला, वाट्यांखाली वेगवेगळे नंबर लावले आणि साहेबांना बोलावलं.

पहिल्या दोन वाट्या साहेबांनी चांगल्या ठरवल्या. तिसरीला त्यांचा भुरका जरा अडखळला. चौथी खारट. पाचवी खारट. सहावी खारट आणि शिळी. बाईंनी किटली उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली.

साहेबांनी किटलीचं झाकण उचलून आत पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मीठ माझंच."

त्यांना आणखी पुरावा नको होता, कारण एक गोष्ट त्यांना आधीपासून ठाऊक होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. दीड महिन्यापासून त्यांच्या डाव्या जबड्याखाली सूज यायची. जेवायला बसलं की पाच मिनिटांत सुपारीएवढी, कधी लिंबाएवढी. तास-दीड तासात ओसरायची. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावायला सुरुवात केली होती. घरी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ते कुरकुरत, तेव्हा बायकोने मीठ निम्म्यावर आणलं, मग जवळजवळ बंद केलं, तरी कुरकुर चालूच. शेवटी तिने ते वयावर टाकलं.

त्या संध्याकाळी त्यांनी कॉलरचं बटण काढून तिला सूज दाखवली. मानेतली गाठ म्हणजे काय, याचं एकच उत्तर दोघांच्या मनात आलं, आणि दोघांनीही ते उच्चारलं नाही. बायको शाळेत गणित शिकवत असे. तिने फक्त विचारलं, ही रोज किती वाजता येते? साहेबांनी खिशातून वही काढली. त्यांनी सुजेच्याही नोंदी ठेवल्या होत्या, अगदी चहाच्या ठेवतात तशा. तारीख, काय खाल्लं, किती मोठी, किती मिनिटं.

"दीड महिना वही लिहिलीत आणि मला एक वाक्य सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "उद्या सकाळी डॉक्टर."

दातांच्या डॉक्टरांनी त्यांना तोंड आणि जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. सर्जन पन्नाशीच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. मग हातमोजा घालून एक बोट जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखाली लावली आणि मधला भाग मागून पुढे हलकेच दाबत आणला. जिभेखालच्या बारीकशा छिद्रातून पांढरट थेंब आला.

"खारट?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी मान हलवली.

लिंबाच्या रसाचे दोन थेंब त्यांनी जिभेवर टाकले, आणि सूज त्यांच्या डोळ्यांदेखत वर आली. सोनोग्राफी झाली, एक्स-रे झाला. पडद्यावर जबड्याच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढा पांढरा ठिपका होता. जबड्याखालच्या ग्रंथीत लाळ तयार होते, सर्जननी समजावलं, आणि एका नळीतून जिभेखाली येते. त्या नळीत खडा अडकलाय. चहा तोंडात गेला की लाळ सुटते, वाट बंद, म्हणून सूज. मागे साचलेल्या लाळेत पू झालाय, तुम्ही इतक्या जोरात ओढता तेव्हा तो खड्याच्या कडेने झिरपतो. कॅन्सरचं कुठलंही लक्षण नाही.

बायकोने पर्स मांडीवरून खाली ठेवली. साहेबांचा प्रश्न वेगळा होता.

"काढताना जिभेला काय होईल?"

सर्जननी कागदावर दोन रेघा काढल्या. एक नळीची, दुसरी तिच्या खालून वळून जाणाऱ्या नसेची. जिभेच्या त्या बाजूचं स्पर्शज्ञान आणि पुढच्या भागाची चव त्याच नसेतून जाते. खडा मागे आहे, नस तिथेच. नस त्या डोळ्यांनी पाहून बाजूला ठेवणार होत्या, तरी ती दुखावू शकते. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत जातो, थोड्यांचा राहतो.

"तुमचा जाईलच, असं मी लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या.

घरी येईपर्यंत साहेबांनी तो खडा तसाच ठेवण्याची तीन कारणं शोधून काढली होती. बायकोने तिन्ही ऐकून घेतली. "चहा खारट लागला तर नोकरी गेलीच आहे," ती म्हणाली. "खडा काढला तर न लागण्याची शक्यता आहे, ती घ्या. हे सातवीच्या मुलालाही कळतं."

आधी दहा दिवस औषधांनी पू सुकवला, मग एका सकाळी जागा बधिर करून ऑपरेशन झालं. पाऊण तास साहेब तोंड उघडं ठेवून दिव्याकडे बघत होते. सर्जन कामात होत्या, एकदाच म्हणाल्या, "ही तुमची नस. छान दिसतेय." थोड्या वेळाने ताटलीत टक्कन आवाज झाला.

भूल उतरली, पण जिभेची डावी बाजू जागी झाली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या आठवड्यातही नाही. साहेब कामावर जायचे ते कागदपत्रांपुरते. टेबलावरचा भुरका आता बाईंचा होता. लाळ वाहती राहावी म्हणून सर्जननी दिवसातून सहा वेळा आंबट गोळी चघळायला सांगितली होती. आंबट खाऊन चाखायच्या खोलीत यायचं नाही, हा नियम साहेबांनीच घातलेला. तेव्हा ते गोळी तोंडात टाकून बाहेर पॅसेजमध्ये उभे राहत आणि एका हाताने जबडा चोळत. येणारेजाणारे दाढ दुखतेय का विचारायचे. साहेब हो म्हणायचे.

सूज मात्र पुन्हा आली नाही. घरी भाजीत मीठच नाही, असं ते एका दुपारी म्हणाले. बायकोने मिठाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि शाळेत जाऊन सहकाऱ्यांना ही बातमी सांगितली.

चौथ्या आठवड्यात जिभेच्या टोकाला मुंग्या आल्या. सर्जन म्हणाल्या, मुंग्या म्हणजे नस कामाला लागलीय. सहाव्या आठवड्यात साहेब टेबलाशी उभे राहिले. डावी कड अजून मोजा घातल्यासारखी वाटते, हे त्यांनी बाईंना आधीच सांगून टाकलं. आणखी एक नवी पद्धत त्यांनी स्वतः लिहून वर पाठवली होती: यापुढे कुठलाही लॉट एकाच जिभेवर नापास करायचा नाही.

पहिल्या चाळीस वाट्यांत दोघांचे शब्द जुळले. एक्केचाळिसावीला साहेब थांबले, पुन्हा ओढलं, चूळ टाकली.

"धूर."

बाईंनी चाखलं. त्यांना धूर लागला नाही, आणि या वेळी त्यांनी तसं तोंडावर सांगितलं.

साहेबांनी चमचा ठेवला. आपलंच काहीतरी असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. पण नियम ताजा होता. बाईंनी त्याच लॉटची पत्ती पुन्हा मोजली, नवी वाटी लावली, घड्याळ फिरवलं. सहा मिनिटं झाली. मग बाईंनी चमचा उचलला, आणि ओढण्याआधी वाटी नाकाशी धरली.

त्यांनी दोनदा चाखलं. "शेवटाला येतो," त्या म्हणाल्या. "अगदी शेवटाला. मघाशी मी त्याआधीच थुंकले होते."

"कुठे लागला?"

"उजवीकडे. तुम्हाला?"

साहेबांनी जीभ टाळूला लावून पाहिली. "डावीकडे," ते म्हणाले, आणि पुढच्या वाटीकडे वळले.