सुनीताला क्षय कुणाकडून लागला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — आणि तिच्याशिवाय मला आहे तरी कोण?

मी क्षयाच्या जंतूंवर संशोधन करते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या जनुकांत बारीक बदल साठत जातात. ते जुळवले की वंशावळ मांडता येते — कुणाचा जंतू आधीचा, कुणाचा त्यातून निघालेला.

कुंभवलीत आमच्या घरामागच्या खोलीत सुनीता भाड्याने राहायची. तिचा नवरा तारापूरच्या कारखान्यात, मी मुंबईत. दुपारी आईला सोबत तिचीच. ओटीवर दोघी भाजी निवडत बसायच्या.

मग दोघींना क्षय निघाला, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. आई सगळ्यांना सांगू लागली, "आमच्या घरात कदी नव्हता. तिनंच आनला."

नव्हता? आईला आधी एकदा झाला होता. बरं वाटताच तिने गोळ्या सोडल्या होत्या. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, म्हणून आम्ही ते लपवलं. लग्न झालंच नाही, पण लपवलेलं तसंच राहिलं.

दोघींना विचारून मी त्यांचे नमुने प्रयोगशाळेत नेले. खरं सांगू? आईचंच म्हणणं खरं ठरावं, असं मला वाटत होतं. आईच्या जंतूतले सगळे बदल सुनीताच्या जंतूत सापडले — वर एक नवा, तिच्यातच झालेला. म्हणजे आईचा जंतू आधीचा, सुनीताचा त्यातून निघालेला. एवढ्यावरून शपथ घेऊ नये, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. पण त्या दोघींमध्ये तिसरं होतं कोण?

सुनीता मागच्या दारी आली. "दीदी, अम्मा को हमसे लगा क्या?"

रिपोर्ट आला नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणाले, "हाँ. तुमसे ही लगा।"

तिने पदर तोंडावर ओढला आणि मागे सरकली — मला लागू नये म्हणून.

थोड्याच दिवसांत त्यांनी खोली सोडली. जाताना तिने आईला लांबूनच हात जोडले, माफी मागितली. गावी गेले म्हणे. तिची औषधं पुरी झाली का? चौकशी करता आली असती. मी केली नाही.

आई बरी झाली. आता ओटीवर एकटी बसते. मी रविवारी गेले की म्हणते, "बाई चांगली होती, पन रोग तिनंच दिला." मी मान हलवते.