सहा उतरली, पाच चढली

लग्न होऊन दौंडहून न्हावऱ्याला आले तेव्हा माझी एकच मागणी होती: रविवारी सकाळचा अर्धा तास टीव्ही माझा. अंतराळयानाची एक हिंदी मालिका लागायची, माहेरी तिचा एकही भाग मी चुकवला नव्हता. नेमकं त्याच वेळी धाकट्या दिराला दुसऱ्या चॅनेलवर क्रिकेट हवं असायचं.

दीर रांजणगावला कारखान्यात तपासणीवर होता. दिवसभर पार्ट हातात घेऊन खोट शोधायची, आणि घरी आला की तेच काम माझ्या मालिकेवर. कप्तानाची जखम मघाशी डाव्या हाताला होती, आता उजव्या हाताला कशी? "रिजेक्ट," म्हणायचा. तो बरोबर बोलायचा, याचाच मला जास्त राग यायचा.

शेवटी पैज लागली. सासऱ्यांना पटेल अशी एक खोट त्याने काढली, की रविवार त्याचा. सासऱ्यांनी उमेदीची वर्षं मेंढरांमागे काढली होती, आता ऊस बघत. हिंदी त्यांना फारसं कळत नसे, मी शेजारी बसून सांगायची.

त्या रविवारी यान एका उजाड ग्रहावर उतरलं. वादळ आलं आणि कप्तानाने घाईघाईने यान उडवलं. दीर काही बोलायच्या आत सासरेच म्हणाले, "सहा उतरली व्हती. पाचच चढली." मेंढरं ते नुसती मोजत नसत, तोंडंही ओळखत. सहावा, टकला मेकॅनिक, खरंच मागे राहिला होता आणि यानात कुणी ब्रसुद्धा काढला नव्हता. दीर टाळी वाजवत उठला. मागच्याच भागात एका आजारी माणसासाठी यान माघारी फिरवणारा हाच ना तो कप्तान, त्याने विचारलं.

पण हार मानणं माझ्या रक्तात नाही. मी ठोकून दिलं, की कप्तानाला सगळं माहीत होतं. थांबला असता तर सगळेच मेले असते, म्हणून तो मुकाट निघाला. "मामा, तुम्हाला कवा एखादी मेंढी मागं सोडावी लागली न्हाई का?"

सासरे म्हणाले, "लागली. घोडनदीला लोंढा आला तवा. पन तीन दिस भाकर घशाखाली उतरली न्हाई." निकाल त्यांनी पुढच्या रविवारवर टाकला. कप्तान जेवला तर खोट, नाही जेवला तर सून जिंकली.

आठवडाभर मला त्या कप्तानाच्या जेवणाशिवाय काही सुचलं नाही.

पुढचा भाग सुरू झाला तो जेवणाच्या टेबलावरच. कप्तान हसत होता, खात होता, आणि त्याच्या शेजारी बसून तो टकला मेकॅनिकही जेवत होता. दीर इतका हसला की त्याला ठसका लागला. मी रिमोट त्याच्या हातात ठेवला.

"थांब," सासरे त्याला म्हणाले. "खोट त्यांच्या गोष्टीत हाय, हिच्या गोष्टीत न्हाई. हिनं सांगितलं तसं मानूस वागतं. बंद कर ते. सूनबाई, तू सांग पुढचं."

टीव्ही बंद झाला. मी पदर खोचला आणि सुचेल तसं सांगत सुटले. सासूबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. अर्धा तास कधीच उलटला, मॅचही सुरू झाली असणार, पण रिमोट दिराच्या मांडीवर तसाच पडून होता. मी दम खायला थांबले, तर तोच म्हणाला, "वहिनी, मग कप्तान त्या टकल्याला आनायला माघारी गेला का न्हाई?"