मधला स्पीकर आणि रातकिडे

आमच्या प्रेस शॉपमध्ये माझ्या कानाला मान होता. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत तेवीस वर्षं मी पत्रा दाबणाऱ्या मशीनवर उभा आहे. दर दोन-तीन सेकंदांनी दणका बसतो, पायाखालची फरशी हलते, आणि त्या दणक्यातूनही मी नुसतं ऐकून सांगायचो की डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, नीट बसतेय की नाही, बेअरिंग जायला आलंय की नाही. सुपरवायझर स्वतः बोलवायला यायचा. मी मान तिरकी करून मशीनजवळ उभा राहायचो, चार दणके ऐकायचो आणि सांगायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. कंपनीने दिलेले पिवळे इअरप्लग मी पाकीट न फोडता घरी आणून ड्रॉवरमध्ये टाकायचो. ते घातले तर मशीन ऐकणार कसं? जे घालायचे त्यांची मी टिंगल करायचो.

त्यामुळे टीव्हीवरचं बोलणं मला नीट कळेनासं झालं तेव्हा दोष टीव्हीचाच असणार, याबद्दल मला शंका नव्हती. हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. टीव्ही चपटे करायच्या नादात कंपन्या मागच्या बाजूला काडेपेटीएवढे स्पीकर बसवतात, ते भिंतीशी बोलतात. हे मी कोणालाही ऐकवायचो. मी आवाज वाढवायचो, बायको येऊन कमी करायची. "आवो, शेजारचं काय म्हनत्याल?" ती म्हणायची. हे वाक्य ती मला दोनदा म्हणायची, पण त्याला स्वयंपाकघरातला पंखा कारणीभूत आहे असं मी ठरवलं होतं.

भिशीचा माझा नंबर लागला तेव्हा मी जाहीर केलं की आपण होम थिएटर घेतोय. साठ हजारांत बसवायचं, एक रुपया वर नाही. बायकोला सोफा हवा होता. मी म्हणालो, सोफ्यावर बसून काय ऐकणार?

मग सहा महिने माझा अभ्यास चालला. डबा खाऊन झाला की कॅन्टीनच्या मागे बसून मोबाईलवर व्हिडिओ बघायचे. एकजण सांगायचा, आधी दमदार रिसीव्हर, म्हणजे स्पीकरांना आवाज पुरवणारं यंत्र, घ्या, स्पीकर मागून बदलता येतात. दुसरा सांगायचा, पैसे स्पीकरवर घाला, रिसीव्हर चार वर्षांत जुना होतो. मला दोघांचंही पटायचं आणि मी रोज नव्याने घोळात पडायचो. एक मात्र पक्कं कळलं होतं. एकाच खोक्यात पाच स्पीकर आणि वर 'पाच हजार वॅट' असं चमचमतं स्टिकर, असल्या मालाच्या वाटेला जायचं नाही. तेवढे वॅट खरंच असते तर अख्ख्या बिल्डिंगचे फ्यूज उडाले असते. आमची खोली दहा बाय बाराची. मी ठरवलं, मध्यम रिसीव्हर, पुढचे दोन स्पीकर आणि टीव्हीखाली ठेवायचा मधला स्पीकर, बस. मागचे दोन आणि खालचा घुमणारा आवाज काढणारा सबवूफर पुढच्या भिशीला. मधल्यावर तडजोड नाही, कारण माणसांचं बोलणं त्यातूनच येतं, आणि तो पुढच्या दोघांच्याच कंपनीचा हवा. हे सगळं मी बायकोला वहीत चित्र काढून समजावलं. ती म्हणाली, "व्हय, कळलं," आणि भाजी निवडत राहिली.

दुकान नगरात, एका कपड्याच्या दुकानाच्या वर. भिंतींना जाजम ठोकलेली एक खोली, समोर स्पीकरांची रांग. दुकानदार माझ्याच वयाचा, हळू बोलणारा, त्यामुळे मला पहिल्यापासून नावडता. त्याने मला दोन सेट ऐकवले. दुसरा नऊ हजारांनी महाग होता. तो म्हणाला, "दादा, याची वरची पट्टी ऐका. काचेसारखी स्वच्छ आहे." मी मान तिरकी केली, डोळे मिटले, दोन्ही पुन्हा वाजवायला लावले. काडीचा फरक नव्हता. मी त्याला स्पष्ट सांगितलं, नऊ हजार नावाचे घेताय, आवाजाचे नाही. आम्ही कानाचं खातो, आम्हाला गंडवू नका. मी स्वस्तातला सेट घेतला, वर घासाघीस करून वायर फुकट मिळवली, आणि विजयी होऊन खाली उतरलो.

रिसीव्हरच्या खोक्यात एक छोटा माइक निघाला. तो खोलीत ठेवला की रिसीव्हर स्वतः आवाज सोडतो, माइकमधून ऐकतो आणि खोलीप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. मला हसू आलं. माझे कान असताना त्या सुपारीएवढ्या यंत्राला कोण विचारतो? मी तो ड्रॉवरमध्ये इअरप्लगांच्या शेजारी टाकला आणि सगळं कानाने जुळवलं.

आवाज मोठा आला, दणकट आला, पण बोलणं तसंच. घोंगडीखालून आल्यासारखं. दोन दिवस मी वायरी काढल्या, घातल्या, मधला स्पीकर वर उचलला, खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी माझं निदान झालं: ट्वीटर गेलेला आहे. ट्वीटर म्हणजे वरचा बारीक आवाज काढणारा छोटा गोल भाग. त्याला कान लावला तर काहीच ऐकू येत नव्हतं. खराब माल गळ्यात मारला होता. मी स्पीकर रिक्षात घालून दुकानात नेला. दुकानदाराने लावून बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि नवा काढून दिला. तोही तसाच निघाला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी आवाज चढवला. त्याने पुन्हा बदलून दिला. तोही तसाच.

तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, "मी येते संगट. तुमी लई भांडता."

दुकानदाराने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मग मधल्या स्पीकरची जाळी काढली आणि म्हणाला, "दादा, आज एकदा शांतपणे ऐकू. जंगलातली रात्र आहे, यात संगीत नाही, काही नाही." त्याने सुरू केलं. लांबून काहीतरी खोल घुमलं, वाऱ्यासारखं. पाणी वाहत असावं. मग खोली शांत झाली. मी वाट बघत होतो. दुकानदाराला म्हणणार होतो, बघा, हेच म्हणतो मी, वरचं काही येतच नाही.

तेवढ्यात बायको म्हणाली, "रातकिडं किती वो! मिरजगावला आपल्या पडवीत बसल्यावानी वाटतंय."

"कुठलं रातकिडं?" मी विचारलं.

ती हसली. मी चेष्टा करतोय असं तिला वाटलं. मग तिने माझं तोंड बघितलं आणि तिचं हसू तसंच राहिलं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं. दुकानदाराने हात पुढे करून ते बंद केलं. माझ्या लेखी काहीच बंद झालं नाही. "कुठं कामाला आहात दादा?" त्याने विचारलं. मी म्हणालो, नागापूरला, प्रेस शॉपला. त्याने मान हलवली. जाळी परत बसवताना म्हणाला, "तुम्हाला नको असेल तर पंधरा दिवसांत कधीही सगळं परत घेतो. पूर्ण पैसे देतो." ज्या माणसाला मी तीनदा चोर ठरवलं होतं तो माझी कीव करत होता, आणि ते मला चोरीपेक्षा जास्त लागलं.

रातकिड्यांचं मला वेगळं सांगायला हवं. मिरजगाव माझं गाव. गेली चार-पाच वर्षं सुट्टीला गेलो की जेवणं झाल्यावर सगळे पडवीत बसायचे आणि मी एक भाषण द्यायचो. आपण लहान असताना या वेळेला रातकिडे इतके ओरडायचे की बोलणं ऐकू यायचं नाही, आता एक तरी ऐकू येतो का? फवारण्या मारून मारून तुम्ही सगळं साफ केलंत. उद्या तुमचीच पाळी आहे. शेती करणारे माझे भाऊ, भावजया, शेजारचे म्हातारे, सगळे ऐकून घ्यायचे. कुणी "व्हय" म्हणायचं, कुणी मान हलवायचं. एका लग्नात तर मी मांडवात हे सांगितलं. आणि त्या सगळ्या वेळी, मी बोलत असताना, माझ्या भोवती रातकिडे ओरडत होते.

रिक्षात मी बायकोला विचारलं, "मग तू तवा का न्हाई बोललीस?"

ती बाहेर बघत म्हणाली, "तुमी लई तावातावानं बोलत हुता. मला वाटलं, तुमी शेताकडचं म्हनताय. तिकडं नसत्याल." मग म्हणाली, "आन् समद्यांम्होरं कसं बोलायचं?"

कानाच्या डॉक्टरने मला एका बंद काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, ऐकू आलं की दाबा म्हणाला. मी इमानदारीने दाबलं. बाहेर आल्यावर त्याने कागद दाखवला. एक रेघ डावीकडून सरळ येत होती आणि मध्यापासून खाली घसरत गेली होती. "क, स, ट, त, ही अक्षरं या घसरलेल्या भागात असतात," तो म्हणाला. "म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही." मी विचारलं, औषध? तो म्हणाला, गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळा. कानाचं मशीन लावलं तर बोलण्याला थोडी मदत होईल, दोन्ही कानांची बऱ्यापैकी मशीनं घ्यायची तर साठेक हजार लागतील. तो आकडा ऐकून बायकोने माझ्याकडे बघितलं. मी कागदाची घडी घालत होतो.

कामावर गेलो तेव्हा आठवायला लागलं. दोन वर्षांपूर्वी एक डाय तडकली होती आणि मी आदल्याच दिवशी ऐकून 'ठीक आहे' म्हणालो होतो. तेव्हा मी पोलादाला दोष दिला होता. त्यानंतर सुपरवायझर मला ऐकायला बोलवत नव्हता, हेही माझ्या आत्ता लक्षात आलं. मला वाटत होतं, मशीनं सुधारलीत.

बायको आठवडाभर मागे लागली होती, "देऊन टाका त्यो डबा परत. मशीन घ्या." मी नाही म्हणालो. का, ते मी तिला सांगितलं नाही, इथे सांगतो. मशीन कानात घालून मी त्या प्रेससमोर उभा राहिलो असतो तर सगळ्यांना एका दिवसात कळलं असतं. पोटापाण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती होती ती इअरप्लग घालतात म्हणून मी ज्यांना हसलो त्यांची. इतका हलका विचार होता तो. आणि परत द्यायला गेलो असतो तर त्या हळू बोलणाऱ्या माणसासमोर पुन्हा उभं राहावं लागलं असतं. पंधरा दिवसांची मुदत मी अशीच जाऊ दिली.

मुदत संपली त्याच्या पुढच्या सुट्टीला, दुपारी, मी ड्रॉवरमधून तो माइक काढला. स्टुलावर दोन डबे रचून तो माझ्या बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवला. पुस्तिकेत लिहिलं होतं, मोजणी चालू असताना खोलीत कोणी बोलू नये. पंखे बंद केले. बायको दाराशी पाटावर बसली. मी बटण दाबलं.

डाव्या स्पीकरमधून एक आवाज निघाला, खालून वर चढत जाणारा. घागर भरताना चढतो तसा. चढला, बारीक झाला, थांबला. "झालं," मी म्हणालो.

टीव्हीवर लाल अक्षरं आली. खोलीत आवाज झाला, मोजणी रद्द.

"झालं कुठं?" बायको म्हणाली. "वाजतच हुतं की."

दुसऱ्यांदा लावायच्या आधी आम्ही ठरवलं. आवाज चालू असेपर्यंत ती बोट वर धरणार, संपला की खाली घेणार. मी टीव्हीकडे पाठ करून तिच्याकडे तोंड करून उभा राहिलो. आवाज चढला, बारीक झाला, माझ्यापुरता संपला तशी मी मान हलवून खूण केली. तिचं बोट वरच होतं. खोली गप्प होती. तिच्या डोक्यावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मला दिसत होता. ती माझ्याकडे बघत होती, पापणीसुद्धा न हलवता, आणि माझ्या मनात आलं की बोट लवकर खाली घ्यावं असं तिला फार वाटतंय. पण तिने घेतलं नाही. काटा सात घरं पुढे गेला. मग बोट खाली आलं. उजव्या स्पीकरला पुन्हा तेवढंच. मधल्यालाही.

टीव्हीवर आलं, मोजणी पूर्ण, सर्व स्पीकर व्यवस्थित.

मी पंखा लावला आणि तिला विचारलं, "मला ऐकू यायचं बंद झाल्यावर किती वेळ वाजत हुतं?"

ती पाट उचलून भिंतीला लावत होती. माझ्याकडे तोंड करून, मला कळेल असं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "लई न्हाई. जरासंच."