कव्हरावरचा पिनकोड

सिद्धनाथ मूळचे सांगोल्याकडचे. होटगीला रेल्वेत सिग्नलची कामं करता करता त्यांना जुन्या रेकॉर्डचा नाद लागला, तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. सात रस्ता चौकाजवळच्या घरी पुण्याकडचे शौकीन विलायती रॉकच्या तबकड्या घेऊन येत. गाणी तीच असली तरी कंपनी पुन्हा रेकॉर्ड काढताना लेबलचा रंग बदले, आतल्या कडेवर कोरलेला आकडा बदले. भिंगातून ते पाहून सिद्धनाथ साल सांगत. ‘पहिलं प्रेसिंग आहे’, म्हणजे पहिल्याच खेपेला काढलेली, एवढंच ऐकायला माणसं आलेली असत आणि बहुतेक हिरमुसून परत जात.

गेल्या थंडीत दाक्षायणी नावाच्या निवृत्त शिक्षिका आल्या. वडिलांची पेटी कित्येक वर्षांनी उघडली, तर धोतरांखाली एक रेकॉर्ड निघाली होती.

“माझ्या भावाची, गुरुसिद्धप्पाची,” त्या म्हणाल्या. “एकाहत्तर साली अप्पांशी भांडून तो मुंबईला गेला. दोन महिन्यांनी अप्पा त्याला आणायला गेले आणि एकटेच आले. अपघातात गेला, सगळं तिथंच उरकलं, म्हणाले. मागं त्याची सही आहे बघा. रेकॉर्ड जरा पुसून द्या, अव्वाला, आमच्या आईला दाखवायचीय.”

सिद्धनाथांनी कव्हर दिव्याखाली धरलं. निळ्या शाईतल्या सहीखाली कंपनीचा पत्ता छापलेला होता. पत्त्याच्या शेवटी सहा आकडे. त्यांनी तबकडी बाहेर काढून लेबल पाहिलं, मग आपल्याकडची त्याच गाण्यांची जुनी रेकॉर्ड काढून शेजारी ठेवली. आपलं चुकलेलं निघावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

“ताई, ही एकाहत्तरची न्हाय. पिनकोड आले बहात्तरला. अन् ह्ये लेबल शहात्तरच्या आदी नव्हतंच.”

“पण सही त्याचीच आहे.”

“मग सही बी नंतरचीच की.”

दाक्षायणींनी सहीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे अप्पा खोटं बोलले. आणि त्यानंतर तीस वर्षं आमच्या पंक्तीला जेवले.”

“ही रेकॉर्ड घरी कशी आली, ह्ये मला सांगता यायचं न्हाय,” सिद्धनाथ म्हणाले. “तुमचे भाऊ आज हायत का, त्ये बी न्हाय.”

“अव्वा ब्याण्णव वर्षांची आहे. तिला सांगू का?”

सिद्धनाथांनी तबकडी पुसली आणि दोन्ही हातांनी परत दिली.

चौथ्या दिवशी दाक्षायणींचा फोन आला. सिद्धनाथ प्लेअर घेऊन त्यांच्या घरी गेले. दाक्षायणींच्या आई नागव्वा खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर ते कव्हर.

“शहात्तरला होता म्हणतोस?”

“व्हय, अव्वा. निदान तवा तरी होते.”

“पंचवीस वर्षांचा,” नागव्वा म्हणाल्या. नवऱ्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या मुलाच्या फोटोकडे बोट करून लेकीला म्हणाल्या, “तो हार काढ.”

दाक्षायणी स्टुलावर चढल्या. सिद्धनाथांनी स्टूल धरलं. पन्नास वर्षांत कितीतरी वेळा बदललेला चंदनाचा हार खाली आला.

रेकॉर्ड लावायला कुणी सांगितलं नाही. दाक्षायणी तेव्हापासून मुंबईतल्या जुन्या ओळखीच्यांना फोन करताहेत. अजून काही हाती लागलेलं नाही.