मी बदललेलं एफ-ट्वेल्व्ह

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. प्रभाकरदादाचा विषय निघाला की मी गप्प होतो, तिला वाटतं आठवणीने. आठवणीने नाही — भीतीने. आत्ता लिहायला बसलोय तरी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. दुबईत औषधांचं मोठं गोदाम असलेल्या एका कंपनीत मी प्रोग्रॅमर होतो. मेनफ्रेमचा काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं, आणि तळाशी एक ओळ — एफ-थ्री म्हणजे सेव्ह, एफ-ट्वेल्व्ह म्हणजे कॅन्सल. कीबोर्डवरची कुठली की दाबल्यावर काय व्हावं, ती यादी माझ्या ताब्यात. तिच्यात दोन वेगळे रकाने असत: एकात स्क्रीनवर दिसणारं नाव, दुसऱ्यात प्रत्यक्ष चालणारी कमांड. दोन्ही जुळतात का, हे मशीन बघत नाही. ते बघणं माझं काम.

प्रभाकरदादा तिथेच डेटा एंट्रीला होता. साताऱ्याचा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी नवा आलो तेव्हा शारजात, अल मजाजमधल्या त्याच्या दोन खोल्यांत त्याने मला तीन महिने ठेवून घेतलं. वहिनी माझाही डबा भरायच्या. का सांगतोय हे? कारण ज्याच्या बाबतीत हे केलं तो कुणी परका नव्हता.

चाचणीपुरती मी सेव्हची कमांड एफ-ट्वेल्व्हवरही टाकली होती. नाव बदललं नाही, ते कॅन्सलच राहू दिलं. म्हटलं, माझ्यापुरतंच तर आहे! मग एका गुरुवारी — अर्धा दिवस, घरी जायची घाई — नवे स्क्रीन चालू सिस्टीमवर चढवले. त्यांच्याबरोबर ती यादीही गेली. मी तपासली नाही.

त्याच दिवशी शेवटच्या तासात दादा मुदत संपलेला माल नष्ट करायच्या स्क्रीनवर होता. एक बॅच नंबर चुकीचा टाइप झाला. त्याच्या लगेच लक्षात आलं आणि त्याने एफ-ट्वेल्व्ह दाबलं. स्क्रीन म्हणत होता कॅन्सल — मशीनने सेव्ह केलं. शनिवारी सकाळी गोदामवाल्यांनी छापील यादी घेतली आणि इन्सुलिनचा ताजा माल नष्ट करून टाकला. एकही खोका उरला नाही.

'मी कॅन्सलच दाबलं होतं' असं दादा ओरडून सांगत होता, तेव्हाच मला कळलं. कमांडची यादी उघडली, आणि दोन मिनिटांत ती पूर्ववत केली. त्या दोन मिनिटांत उठून सांगता आलं नसतं? आलं असतं. पण नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि माझं लग्न ठरलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. डोक्यात एवढंच होतं, म्हणून सांगतो.

मॅनेजरने सगळ्यांना दादाच्या टेबलाभोवती उभं केलं. "शो मी." दादाने एफ-ट्वेल्व्ह दाबलं. कॅन्सल झालं. पुन्हा दाबलं. पुन्हा कॅन्सल. तिसऱ्यांदा दाबलं, आणि मला एकच भीती — आता तो माझ्याकडे बघेल. बघितलंच त्याने. "अरे, तू बता ना सर को, मैं झूठ बोल रहा हूँ क्या?"

मी म्हणालो, "सिस्टीम ठीक है, सर."

"खलास," मॅनेजर म्हणाला.

दादाची नोकरी गेली, तिच्याबरोबर व्हिसाही, आणि महिन्याभरात त्यांनी घर आवरलं. मुलगी सातवीत होती, वर्षाच्या मध्येच शाळा सुटली. खोक्यांना चिकटपट्टी लावताना तिने मला विचारलं, "अंकल, डिड बाबा रिअली प्रेस द राँग की?" मी चिकटपट्टीचं टोक शोधत राहिलो. तिने पुन्हा विचारलं नाही.

इथपर्यंतचं सगळं मी मनात पुष्कळदा बोलून बघितलंय. पुढचं कधीच नाही.

त्यांना एअरपोर्टला मीच सोडायला गेलो. दादा पुढे माझ्या शेजारी बसला होता. एअरपोर्टचे दिवे दिसायला लागल्यावर हळूच म्हणाला, "खूप विचार केला रे. माझंच बोट चुकलं असणार. एफ-थ्रीच दाबलं असेल मी. उगाच तुला सगळ्यांसमोर अडचणीत आणलं."

मी एक हात स्टिअरिंगवरून काढून त्याच्या खांद्यावर ठेवला. आणि म्हणालो, "जाऊ दे दादा. चूक कुणाचीही होते."