कातडीकडे बघणारे साडू

अख्ख्या न्यू जर्सीत माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता नुसतं त्याच्या कातडीकडे बघणारा एकच मराठी माणूस आहे, आणि देवाने तो नेमका माझा साडू म्हणून पाठवला आहे. वेस्ट विंडसरजवळच्या एका प्रयोगशाळेत ते वर्षानुवर्षं काम करतायत. विषय एकच. आपली कातडी जंतू मारायला स्वतःच जी चिमुकली प्रथिनं तयार करते, ती. त्यांना म्हणायचं पेप्टाइड. आपल्या घरात हा शब्द मुलांच्या नावांपेक्षा जास्त वेळा उच्चारला जातो, असं माझी मेहुणी म्हणते, आणि ती हे कौतुकाने म्हणत नाही.

आयसेलिनला एका हॉलमध्ये आमच्या नात्यातला साखरपुडा होता. नवऱ्यामुलाच्या आईला कुणीतरी म्हणालं, "काकू, चेहऱ्यावर काय तेज आलंय!" काकू लाजल्या. साडू हातात श्रीखंडाची वाटी घेऊन पुढे सरकले, काकूंच्या नाकापासून एक वीतभर अंतरावर थांबले आणि म्हणाले, "हे तेज नाही, दाह आहे. पेप्टाइड जास्त झालंय. उन्हात जाऊ नका, तिखट कमी करा." लग्न झालं, सुखात चाललंय, पण आम्हाला त्या घरातून बोलावणं म्हणून येत नाही. साडू आमच्याकडे आले की चहाच्या आधी बाथरूममध्ये जातात आणि आमचा जंतुनाशक साबण कचऱ्यात टाकून बाहेर येतात. "कातडी म्हणजे काय बेसिन आहे, घासघासून धुवायला?" बॅडमिंटन खेळून झाल्यावर अंघोळीची घाई करत नाहीत, कारण घामातही जंतू मारणारं पेप्टाइड असतं म्हणे. असेल. पण ते पेप्टाइड माझ्या गाडीत बसून घरी येतं, त्याचं काय? काच खाली केली की वर म्हणतात, "अरे, थंडी वाजते यार."

एकदा आमच्याकडे आमटीला फोडणी पडली आणि छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला. हे इथल्या प्रत्येक मराठी घरात होतं. मी स्टुलावर चढून टॉवेल फडकावतोय, बायको खिडक्या उघडतेय, आणि साडू मध्ये उभे राहून आनंदाने ओरडतायत, "हेच! अगदी हेच! धूर फोडणीचा आणि बोंब आग लागल्याची. सोरायसिसमध्ये दुसरं काय होतं? पेप्टाइड जखमी पेशींच्या डीएनएला जाऊन चिकटतं, शरीराला वाटतं शत्रू आला, की सुरू मारामारी. आपल्याच घरात!" मी म्हटलं, "मग काढून टाका ना तो अलार्म, आणि जरा हा टॉवेल धरा." टॉवेल त्यांनी धरला नाही. म्हणाले, "काढलास तर खरी आग लागेल तेव्हा काय करशील? पेप्टाइडचंही तसंच, तीच तर आमची पंचाईत आहे." तोवर आमटी उतू गेली होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण सोरायसिस आमच्या घरातच आला होता. माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या, सईच्या कोपरांवर आणि मनगटांवर लाल, खपल्यांचे चट्टे उठले होते. पोरगी भर जुलैत पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायची. डॉक्टरांचं मलम चालू होतं, भेटेल ती काकू कडुलिंब सुचवत होती, आणि साडू दर रविवारी येऊन तिचे हात उलटसुलट करून बघायचे आणि मला तासभर ऐकवायचे. मला माहिती नको होती. माझी मुलगी पुन्हा चारचौघांत मोकळी वावरेल की नाही, एवढंच मला हवं होतं. मंडळाच्या गणपतीत मुलींच्या फुगड्या होत्या. नऊवारी आणि आखूड बाह्यांचं पोलकं. सई म्हणाली, "नो वे, बाबा. एव्हरीवन विल स्टेअर." तिची आई रोज समजावत होती. शेवटी कशीबशी तयार झाली.

शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम सुरू झाला. मुली स्टेजवर जायला रांगेत उभ्या होत्या, आणि सईच्या जोडीदारणीच्या आईने आपल्या मुलीला हळूच मागे ओढलं. मला म्हणाली, "राग मानू नका हं. पण फुगडीत हात घट्ट धरायचे असतात, इन्फेक्शन बिन्फेक्शन झालं तर? पुढच्या वीकेंडला आम्ही ट्रॅव्हल करतोय." सईने ते ऐकलं आणि हात पदराखाली लपवले. साडू माझ्या शेजारीच उभे होते. मी डोळे मिटले. सोरायसिस हात धरून लागत नाही, एवढं सांगायला आता हा माणूस पेप्टाइडपासून सुरू करणार, आणि अख्खा हॉल माझ्या पोरीच्या चट्ट्यांवर व्याख्यान ऐकणार.

साडूंनी मात्र कुडत्याच्या बाह्या वर सारल्या, सईसमोर गेले आणि दोन्ही हात पुढे केले. "चल. मला येत नाही, तू शिकव." स्टेजवर इतक्या मुलींमध्ये एकटे साडू, पोटासकट, गरगर फिरत होते. चष्मा उडाला. सई ओरडत होती, "काका, यू आर सो एम्बॅरसिंग!" पण हात सोडत नव्हती. लोक आधी हसले, मग टाळ्यांचा ठेका धरला. तेवढ्यात ती जोडीदारीण आईचा हात सोडवून पळत आली. "माय टर्न, माय टर्न!" साडूंनी सईचे हात तिच्या हातात दिले. तिची आई माझ्याकडे बघत नव्हती.

मी पाणी घेऊन गेलो तेव्हा साडू स्टेजच्या पायऱ्यांवर धापा टाकत बसले होते. मला थँक्यू म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "होईल ना हो ती बरी? कायमची?"

ते वर, फिरणाऱ्या पोरीकडे बघत राहिले. या वेळी कातडीकडे नाही, चेहऱ्याकडे. "चट्टे जातील. चांगली औषधं आहेत आता. पुन्हा येतीलही. मुळापासून..." ते घोटभर पाणी प्यायले. "माहीत नाही रे. इतकी वर्षं तेच शोधतोय, आणि आपल्याच पोरीला द्यायला माझ्या हातात काही नाही."

या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द एकदा तरी ऐकायला मिळावेत, असा मी कितीतरी रविवार देवाचा धावा केला होता. आता ऐकले, आणि वाटलं, साडू, आज काहीही ठोकून द्या, तासभर बोला, मी ऐकतो. पण ते फिरणाऱ्या सईकडेच बघत होते, आणि मीही त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो.